चारशे मार्कांच्या पोरांसाठी: विदर्भातल्या ज्युनिअर कॉलेजच्या सर-मॅडमना खुलं पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. शिक्षण बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची पदवी. सकाळी बीपी-शुगरचे पेशंट, गरोदर बायांची तपासणी, आशाताईंची रजिस्टरं हे सगळं आटोपलं, की दुपारी उपकेंद्राच्या ओट्यावर वेगळ्याच कामाची माणसं येऊन बसतात. जूनच्या मध्यापासून पोळ्यापर्यंत तर जवळजवळ रोज. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेशाच्या परीक्षेचा निकाल.

"मॅडम, आमच्या पोरीले 412 आले. आता काय करावं जी?"

हा प्रश्न माझ्या ओट्यावर येण्याआधी तुमच्या स्टाफरूममध्ये यायला हवा. बहुतेक वेळा तो येत नाही, म्हणून हे पत्र.

ज्यांना भरपूर मार्क पडतात त्यांची काळजी नाही. त्यांचा सत्कार होतो, चौकात बॅनर लागतो आणि मेडिकल कॉलेज त्यांना सापडतंच. ज्यांना फारच कमी पडले त्यांचाही रस्ता लवकर ठरतो, मग तो मनासारखा असो की नसो. अडकतं ते मधलं पोर. 720 पैकी 380, 410, 440. त्याच्यापुढे एकाच वेळी दहा वाटा असतात. पुन्हा वर्ष द्यायचं का, खासगी कॉलेज झेपेल का, आयुर्वेद घ्यावा का, डेंटल, फिजिओथेरपी, जनावरांचा डॉक्टर, की परदेश. हे सगळं दीड-दोन महिन्यांत ठरवायचं असतं आणि घरात कोणी या वाटेनं गेलेलं नसतं. सगळ्यात अवघड हिशेब या पोराच्या वाट्याला आणि सगळ्यात कमी मदतही यालाच.

मी स्वतः असंच मधलं पोर होते. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. 2016 ला बारावी झाले. त्या वर्षीचा गोंधळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. आधी राज्याची सीईटी, मग सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने नीट, मग मे महिन्यात केंद्राचा अध्यादेश आणि राज्याच्या जागांसाठी पुन्हा सीईटीच. मला सीईटीत मध्यम मार्क पडले. निकालाच्या दिवशी कॉलेजात गेलो तर एका सरांनी सगळ्यांसमोर बाबांना सांगितलं, "हुशार आहे पोरगी. एक वर्ष आणखी घेऊ द्या, होऊन जाईल." बाबांनी तिथंच मान डोलावली. पाच मिनिटं लागली असतील. माझे कोणत्या विषयात मार्क गेले, याच मार्कांवर काय मिळू शकतं, पुढच्या वर्षी परीक्षा कोणती असेल, यातलं काहीच कोणी विचारलं नाही. सरांचा हेतू चांगला होता, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

पुढच्या वर्षी परीक्षाच बदलली. 2017 पासून राज्याच्या जागाही नीटवर गेल्या. सीईटीला चुकीच्या उत्तराचे मार्क कापले जात नव्हते, नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 आणि चुकलं की वजा 1. मी ज्या पुस्तकांवर दोन वर्षं काढली होती ती बाजूला ठेवून एनसीईआरटी हातात घ्यावं लागलं. नागपुरात एका खोलीत चौघी राहत होतो. त्या वर्षाच्या खर्चासाठी बाबांनी बैलजोडी विकली. आणि मार्क पुन्हा मध्यमच. आदल्या वर्षी, कोणत्या कॉलेजला किती मार्कांवर प्रवेश मिळाला ती यादी शांतपणे पाहिली असती तर कदाचित तेव्हाच मिळाला असता, तोच बीएएमएसचा प्रवेश मी एक वर्ष आणि एक बैलजोडी देऊन घेतला. तोही मिळाला तो गावातल्या एका निवृत्त शिक्षकांमुळे. त्यांनी दोन संध्याकाळ त्यांच्या पडवीत बसवून मागच्या वर्षीच्या याद्या माझ्याकडून वाचून घेतल्या आणि पसंतीक्रम कागदावर उतरवायला लावला. मला आयुष्यात मिळालेली सगळ्यात मोठी शिकवणी तीच. तुमच्याकडे मागते आहे ते एवढंच: दोन संध्याकाळ.

आता कॅलेंडरचं पाहा. नीटचा निकाल येतो जूनमध्ये. आपल्याकडे जून म्हणजे मृग, म्हणजे पेरणी. बाप बियाण्याच्या दुकानात नाही तर पीककर्जासाठी बँकेच्या रांगेत असतो. प्रवेशाच्या फेऱ्या चालतात पुढे डवरणी, निंदण, फवारणीच्या दिवसांत, जेव्हा घरात आलेला प्रत्येक रुपया वावरात गेलेला असतो. सोयाबीन दसऱ्याच्या आसपास निघतं, पहिला कापूस दिवाळीकडे घरात येतो. फी मात्र जागा मिळाली की चार-पाच दिवसांत भरायची. त्यामुळे आपल्याकडे 'कुठे अर्ज करायचा' हा प्रश्न 'कोणत्या महिन्यात किती पैसे लागतील' या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. हा हिशेब जानेवारीत, तूर निघते तेव्हा, मांडला तर बाप काही बाजूला ठेवू शकतो. ऑगस्टमध्ये मांडला तर सावकार.

ओट्यावर मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की मार्क बाजूला ठेवा, रँक दाखवा, कारण त्याच मार्कांची किंमत दरवर्षी बदलते. 2024 च्या पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720 होते. 2025 चा पेपर इतका कठीण निघाला की देशात पहिल्या आलेल्याला 686 होते. खुल्या गटाची पात्रतेची रेषा 2024 ला 162 होती, ती 2025 ला 144 वर उतरली. 2024 ला आपल्या राज्यात खुल्या गटातल्या 600 मार्कांच्या मुलांनाही सरकारी जागा मिळाली नाही. 2025 ला त्याहून कितीतरी कमी मार्कांवर मिळाली. तरीही गावात अजून शेजाऱ्याच्या पोराचे दोन वर्षांपूर्वीचे मार्क धरून निर्णय होतात. "त्याले 450 वर लागलं होतं, आपल्याले 440 आहेत, म्हणजे दहा मार्कांनी हुकलं." सर, वर्गात एकदा फळ्यावर हे दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून दाखवा. तुमच्या तोंडून आलं तर ते पटेल.

दुसरी गोष्ट अर्जांची. आपली बरीच मुलं एकच अर्ज भरतात. राज्याच्या सीईटी सेलचा अर्ज सरकारी कॉलेजांच्या 85 टक्के जागांसाठी आणि राज्यातल्या खासगी कॉलेजांसाठी. उरलेल्या 15 टक्के अखिल भारतीय जागा, एम्स आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं यांची फेरी दिल्लीची मेडिकल कौन्सेलिंग कमिटी, म्हणजे एमसीसी घेते, तिची नोंदणी वेगळी. नागपूरचं एम्स आपल्यापासून दोन-तीन तासांवर असलं तरी राज्याच्या यादीत ते नसतं. सावंगीचं मेडिकल कॉलेज वर्ध्याला असूनही तेच, कारण ते अभिमत आहे. मागे एक काका दोन दिवस राज्याच्या यादीत सावंगी शोधत होते. मी त्यांना सांगितलं की एमसीसीच्या अर्जात अभिमतचा पर्याय घेतला तर 2 लाखांची अनामत आधी भरावी लागते. ती परत मिळते, पण तेवढे दिवस ती अडकून राहते. काकांनी मोबाईल खिशात घातला. त्यांचे दोन दिवस वाचवता आले असते.

तिसरी गोष्ट जुन्या समजुतीची. "विदर्भाच्या पोराले विदर्भात जागा राखीव असते" असं अजून लोक छातीठोकपणे सांगतात. ती 70:30 ची पद्धत, म्हणजे 70 टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना आणि 30 टक्के बाकी राज्याला, राज्य सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये रद्द केली. ती असावी की नसावी यावर आपल्याकडे दोन मतं आहेत आणि मलाही त्यावर पुष्कळ बोलता येईल, पण अर्ज भरणाऱ्या पोराला आजचा नियम माहीत हवा. आता सगळा महाराष्ट्र एक आहे. म्हणजे लातूर-पुण्याची मुलं नागपूरला येतील आणि आपण नंदुरबार, सिंधुदुर्ग, अलिबागची नावं पसंतीक्रमात टाकायला घाबरायचं नाही. साधारणपणे नव्या आणि दूरच्या सरकारी कॉलेजांची यादी थोडी खाली उतरते. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात दहा नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यांतली पाच आपली: अमरावती, बुलढाणा, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली. माझ्या बारावीच्या वेळी यातलं एकही नव्हतं. "नवीन कॉलेज आहे, तिथं काय शिकवतील" असं म्हणून पालक ती नावं खोडायला लावतात. पदवी तीच मिळते आणि पेशंटची वाण गडचिरोलीला कधीच नव्हती.

पसंतीक्रमाबद्दल अजून एक, कारण चुका इथेच जास्त होतात. मुलं 'आपल्याला मिळण्यासारखं' कॉलेज वर टाकतात आणि 'आवडतं पण मिळणार नाही' ते खाली. तसं करू नये. सगळ्यात हवं ते सगळ्यात वर. वरचं मिळालं नाही तर यंत्रणा आपोआप खालच्याकडे येते, वर आवडीचं टाकल्यानं खालचं हातचं जात नाही. फक्त जिथे जाणंच शक्य नाही किंवा ज्याची फी कोणत्याही हिशेबाने जमणार नाही, ते नाव टाकूच नये. आणि पहिल्या फेरीत मिळालेली जागा घेतली तरी पुढच्या फेरीत वरची पसंती मिळू शकते. स्टेटस रिटेन्शनचा, म्हणजे 'मिळालेली हीच जागा ठेवतो' असा फॉर्म भरला तरच ती वाट बंद होते. हा फॉर्म काय आहे हे न कळता सही केलेली मुलं मी पाहिली आहेत. ती रडली नाहीत, गप्प बसली. ते जास्त वाईट होतं.

आता कागदपत्रं. यावर मला थांबून बोलायचं आहे, कारण हे काम थेट तुमच्या हातातलं आहे.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावी सायन्सच्या मुलांना कॉलेजमार्फतच करायचा असतो. ओबीसीच्या पोराला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 1961 च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींना 1950 च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेतला दाखल-खारीज उतारा, नाही तर कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या वहीतली नोंद. ती नोंद तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये असते. कधी पान फाटलेलं, कधी नावात काना-मात्रेचा फरक, कधी आजोबांचं गाव आज दुसऱ्याच तालुक्यात. यासाठी सहा-आठ महिने सहज जातात. आदिवासी मुलांच्या पडताळणी समित्या वेगळ्या, आणि तिथे तर त्याहून धीर लागतो. माझा स्वतःचा वैधतेचा अर्ज कॉलेजच्या कपाटात राहून गेला होता. पहिल्या वर्षी मी खुल्या गटात मोजली गेले. कपाट कोणाचं होतं हे मला इथे सांगायचं नाही. पण प्रत्येक कॉलेजात असं एक कपाट असतं. कृपा करून या आठवड्यात तुमच्या कॉलेजातलं ते कपाट उघडून पाहा. अकरावीच्या वर्गात दिवाळीच्या आधी एकेकाला उभं करून विचारा: आजोबांचा उतारा मिळाला का? नॉन-क्रिमीलेअर कधीपर्यंत चालू आहे? डोमिसाईल काढलं का? बारावीच्या जूनमध्ये हे विचारून काही हाती लागत नाही.

मुलींच्या आईबापांना आणखी एक सांगा. 2024-25 पासून 8 लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) घरातल्या मुलींना राज्याच्या केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अभिमत विद्यापीठांना हे लागू नाही. ज्या घरात "पोराले शिकवू, पोरीचं पाहू" असं चालतं, तिथे हा एक कागद बोलणं बदलू शकतो. मी बदललेलं पाहिलं आहे.

मग ड्रॉप, म्हणजे पुन्हा परीक्षेसाठी एक वर्ष, घ्यावा की नाही? मी ड्रॉपच्या विरोधात नाही. आमच्याच भागातल्या एका मुलीला बायोलॉजीत चांगले मार्क होते, केमिस्ट्री ठीक होती, फिजिक्समध्ये मात्र जवळजवळ काहीच नव्हतं, कारण बारावीचं अर्धं वर्ष त्यांच्याकडे फिजिक्सला शिक्षकच नव्हते. तिचं कारण दिसत होतं आणि त्यावर उपायही होता. तिने वर्ष घेतलं आणि ती आज सरकारी कॉलेजात एमबीबीएस करते आहे. दुसरा एक मुलगा. त्याचे तिन्ही विषयांत सारखेच मध्यम मार्क, तीन वर्षांत तीनदा जवळजवळ तेवढेच. वयाची अट राहिलेली नाही, कितीदा परीक्षा द्यायची याला मर्यादा नाही, त्यामुळे त्याला कोणी थांबवलं नाही. आता तो गावात परत आला आहे आणि लोकांच्या समोरून जात नाही, मागच्या गल्लीने जातो.

या दोघांतला फरक मार्कपत्रिकेवर दिसत होता. बायोलॉजीचे 90 प्रश्न, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे 45-45. कुठे सोडले, कुठे चुकले, वजा किती झाले, हे उत्तरपत्रिका समोर घेऊन तासाभरात कळतं. ते वाचणारं माणूस तालुक्याला तुमच्याशिवाय कोणी नाही. माझी विनंती एवढीच, की निकालाच्या दिवशी कोणालाही 'घे वर्ष' म्हणू नका आणि 'सोडून दे' असंही म्हणू नका. त्या दिवशी पोर लाजलेलं असतं आणि बाप घाबरलेला, ते काहीही मान्य करतात. आठ दिवसांनी बोलवा. तोवर दोन्ही अर्ज भरून घ्या, कारण अर्ज भरल्यानं ड्रॉपचा हक्क जात नाही. काय मिळतंय ते दिसल्यावर मगच सोडायचं की धरायचं ते ठरवू द्या. आणि वर्ष घ्यायचंच ठरलं तर क्लासच्या फीच्या आधी महाज्योतीसारख्या (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठीची राज्य सरकारची संस्था) संस्थांच्या मोफत प्रशिक्षणाचा अर्ज त्यांना दाखवा.

बीएएमएसबद्दल मी माझ्या अनुभवावरून सांगू शकते. "एमबीबीएस नाही लागलं म्हणून बीएएमएस" हे वाक्य मुलांसमोर बोलू नका. ते ऐकून आलेली मुलं पहिल्याच वर्षी संस्कृत आणि पदार्थविज्ञान (हे फिजिक्स नव्हे, आयुर्वेदाचं तत्त्वज्ञान) पाहून खचतात. आधीच सांगा, की साडेचार वर्षं शिकायचं आणि एक वर्ष इंटर्नशिप, श्लोक पाठ करावे लागतील, शवविच्छेदनही असेल. बीएएमएसच्या फेऱ्या एमबीबीएसच्या बऱ्याच नंतर सुरू होतात. तोवर कंटाळून कितीतरी मुलं तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव टाकतात आणि पुढच्या फेऱ्यांकडे बघतच नाहीत. ज्या पोराला जनावरांचा लळा आहे त्याला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट दाखवा. निवड नीटवरच होते, अर्ज मात्र पशुविज्ञान विद्यापीठाचा स्वतंत्र. बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी आहे आणि तिचा अर्ज नीटच्या निकालाच्या कितीतरी आधी संपतो. निकालानंतर नर्सिंगचं विचारायला आलेल्या मुलींना मला दरवर्षी परत पाठवावं लागतं.

परदेशाचं थोडक्यात. जुलैमध्ये जिल्ह्याच्या हॉटेलात सेमिनार होतात, चहा-नाश्ता असतो. नोव्हेंबर 2021 पासूनचा नियम सांगतो की तिकडचा अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा हवा, तिथेच 12 महिने इंटर्नशिप हवी, त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्यासारखी पदवी हवी, आणि सगळं दहा वर्षांच्या आत. परत आल्यावर परवाना परीक्षा, त्यानंतर इथे पुन्हा इंटर्नशिप. त्या सेमिनारला पालकांसोबत तुमच्यापैकी कोणी एक जण बसला आणि या चार-पाच गोष्टी लेखी मागितल्या, तर वावर गहाण टाकण्याआधी बाप एकदा थांबेल.

लोक माझ्याकडे का येतात? मी फार मोठी आहे म्हणून नाही. त्यांना मी भेटते, बसायला सांगते, आणि त्यांच्याच बोलीत सांगते म्हणून येतात. तुम्ही त्यांच्या मुलांना दोन वर्षं शिकवलेलं असतं. तुमच्यावर त्यांचा माझ्याहून जास्त विश्वास आहे. निकाल लागल्यावर कॉलेजची एक खोली आठवडाभर संध्याकाळी उघडी ठेवा. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, मागच्या दोन वर्षांच्या प्रवर्गनिहाय याद्या छापून भिंतीवर. पेरणीहून परतलेला बाप साताला येईल, म्हणून साडेआठपर्यंत.

माझ्या उपकेंद्राच्या आसपासच्या तालुक्यातल्या ज्या कॉलेजला हवं असेल, तिथे मी दर रविवारी यायला तयार आहे. बसनं येईन, मानधन नको. येताना मागच्या वर्षीच्या याद्यांच्या झेरॉक्स मीच आणीन. तुम्ही फक्त खोलीची किल्ली आणि अकरावीच्या मुलांची नावं तयार ठेवा.

आपली विद्यार्थिनी,
एक समुदाय आरोग्य अधिकारी
जि. यवतमाळ